"एवढंच?"

या वेळचं पत्र पुण्याहून आलं आहे. लिहिणारी २८ वर्षांची, नोकरी करणारी, आणि गेली चार वर्षं शनिवार-रविवार मोडून जपानी शिकणारी. जपानी भाषेची एन-थ्री पातळीची परीक्षा झाली आहे, डिसेंबरात तिच्या वरची एन-टू द्यायची आहे. तिच्या वर्गातल्या मुलामुलींचा एक गट महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जपानी सिनेमा बघतो. या खेपेला पाळी तिची होती. तिनं 'रिंगु' निवडला. १९९८ सालचा, हिदेओ नाकाता यांचा. जपानी भयपट म्हटलं की सगळ्यात आधी ज्याचं नाव निघतं, तो. पंधरा दिवस आधीपासून तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की रात्री एकट्यानं घरी जायची तयारी ठेवू नका. शनिवारी कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आठ जण जमले, भेळ झाली, लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिला तासभर लोक चुळबुळत राहिले. विहिरीचा प्रसंग झाल्यावर 'संपला वाटतं' म्हणून दोघं उठलेसुद्धा. मग शेवटी ती केस सोडलेली बाई टीव्हीतून बाहेर आली तेव्हा एक जण फस्सकन हसला, आणि त्याच्यामागे सगळेच. दिवा लावल्यावर कुणीतरी म्हणालं, "एवढंच?"

ती लिहिते : "ताई, खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली नाही. कंटाळा आला. पण मी सगळ्यांसमोर म्हटलं, मला जाम आवडला, तुम्हाला कळला नाही. रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेजही टाकला, इकडून तिकडून वाचलेलं घालून. आता आमच्या सरांनी पुढच्या महिन्यात याच सिनेमावर वर्गात दहा मिनिटं जपानीत बोलायला सांगितलंय. खोटं बोलायला जीभ वळत नाही, आणि खरं बोलले तर तोंडघशी पडेन. त्याहून जास्त खुपतंय ते वेगळंच. चार वर्षं शिकून त्या देशाची एवढी नावाजलेली भीती मला लागत नसेल, तर मला काय कळलंय? साताऱ्याकडच्या आजीनं सांगितलेल्या हडळीमुळे मी अजून रात्री ओढ्याकडे जात नाही. मग चूक कुणाची, सिनेमाची की माझी?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडले. ती तू सहज लिहून गेलीस. विहिरीच्या प्रसंगानंतर दोघं उठले.

(ज्यांना हा सिनेमा अजून बघायचा आहे त्यांनी हे पान बाजूला ठेवावं आणि बघून झाल्यावर परत यावं. शेवट सांगितल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.)

गोष्ट थोडक्यात अशी. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती बघितली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी माणूस मरतो. रेइको ही पत्रकार ती कॅसेट बघते. तिचा पूर्वीचा नवरा र्‍युजी बघतो, आणि चुकून त्यांचा लहान मुलगाही बघतो. दोघं शोध घेत घेत सादाको नावाच्या मुलीपर्यंत पोचतात. तिला विहिरीत ढकलून वर झाकण घातलेलं असतं. मुदत संपायला थोडे तास उरलेले असताना ती दोघं त्या विहिरीतलं पाणी बादल्यांनी उपसतात. रेइकोच्या हाताला सांगाडा लागतो. ती त्याला लहान मुलासारखं छातीशी धरते, वेळ टळून जाते आणि रेइको जिवंत राहते.

जुनी कुठलीही भुताची गोष्ट इथं संपते. अस्थी सापडल्या, दुःखाला कुणीतरी जवळ घेतलं, आता आत्मा शांत होणार. आपल्याकडे नारळ देतात, उतारा टाकतात, नारायण नागबळी करतात; तिकडे त्यांचे विधी आहेत. दोन्हीकडे मनाची वाट एकच असते : अन्याय झाला, त्याची भरपाई झाली, आता घरी जायचं. तुझे ते दोघे मित्र नेमके तिथं उठले. सिनेमानं त्यांना उठवलं! ज्यानं ही गोष्ट रचली त्याला प्रेक्षकाकडून तेवढंच हवं होतं, की त्यानं सुटलो म्हणावं आणि चप्पल शोधायला लागावं. दुसऱ्या दिवशी र्‍युजी आपल्या टेबलाशी काम करत बसलेला असतो, आणि कोपऱ्यातला टीव्ही आपोआप सुरू होतो.

म्हणजे तुमच्या घरी त्या रात्री काहीच झालं नाही, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. ती गोष्ट दोन माणसांना पुरती लागू पडली होती. पुढच्या दोन मिनिटांत हशा झाला तो वेगळ्या कारणानं. टीव्हीतून बाहेर येणारी बाई तुम्ही सगळ्यांनी आधीच पाहिलेली होती. फोनवर, विनोदात, नक्कल करणाऱ्यांच्या व्हिडिओंत, बहुतेक शंभर वेळा. १९९८च्या जानेवारीत जपानमधल्या चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं तोवर सादाकोचा चेहरा पाहिलेला नव्हता, आणि पुढेही त्याला दिसतो तो फक्त एक डोळा. तुम्हाला मात्र ओळखीचा पाहुणा दारात दिसला, आणि ओळखीच्या पाहुण्याला बघून माणूस हसतो. त्यात तुझा दोष नाही, तुझ्या मित्रांचाही नाही. काही गोष्टी एकदाच पहिल्यांदा बघता येतात, आणि तुमच्या वयाच्या मुलांच्या वाट्याला ही गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या हातानं आली.

आता तुझ्या कंटाळ्याबद्दल. तो खरा होता, त्याला दाबू नकोस. माझंही मत सांगते. पहिल्या तासात विचारपूसच फार आहे. दुसरं म्हणजे र्‍युजीला दिलेली ती अतींद्रिय शक्ती. कुठं हात लावला की त्याला मागचं सगळं दिसतं, आणि शोध जिथं अडायला हवा तिथं अडत नाही. मला ते आजही सोयीचं वाटतं. सिनेमा गाजलेला आहे म्हणून त्याच्या उणिवा आपण अंगावर घ्यायच्या नसतात. एका शनिवारी एक सिनेमा तुला आवडला नाही, हे एवढं साधं आहे. त्याच्यावर तू चार वर्षांच्या अभ्यासाचा निकाल लावलास, तिथं मला तुला थांबवावंसं वाटतं.

असं बघ. ओसाकाहून एक मुलगी पुण्यात मराठी शिकायला आली. चार वर्षं राबली. आपल्याकडचा एखादा गाजलेला सिनेमा तिला रटाळ वाटला आणि ती रडत तुझ्याकडे आली, की मला मराठी कळलंच नाही. तू तिला काय सांगशील? मला वाटतं, तू तिला चहा देशील आणि म्हणशील, अगं, माझ्या भावालाही तो आवडत नाही. दुसऱ्याच्या भाषेवर जीव लावला की आपण नकळत पाहुण्यासारखं वागायला लागतो. पानात वाढलेलं सगळं संपवायचं, आणि वर छान झालंय म्हणायचं. चार वर्षांनी तू त्या घरात पाहुणी राहिलेली नाहीस. भाजी खारट झाली तर सांगायचा हक्क तुला आला आहे.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती बहुतेक वाचकांच्या मनात असते : भयपट बघताना दचकलो नाही तर पैसे वाया गेले. दचका हा भीतीचा एक प्रकार आहे, आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तो हवा असणाऱ्यांनी ताकाशी शिमिझू यांचा २००२ सालचा 'जु-ऑन' बघावा. तिथं भूत पांघरुणातही येतं. 'रिंगु'त मात्र जवळजवळ सगळं काम ऐकू येण्यावर सोडलेलं आहे. फोनची घंटा, पडद्यावरची मुंग्यांची खरखर, केंजी कावाई यांचं ते धातू घासल्यासारखं संगीत, आणि त्यांच्यामधली लांब शांतता. सादाकोची चाल विचित्र का वाटते ठाऊक आहे? रिए इनोओ या नटीला मागे मागे चालायला लावून ते चित्रण उलटं फिरवलं. पाऊल पुढे पडतं, पण अंगाचा तोल मागे जाणाऱ्या माणसाचा. आपल्याला कळत नाही काय चुकतंय, फक्त चुकतंय एवढं कळतं. आठ माणसं, भेळेचे कागद, भाड्याच्या फ्लॅटमधल्या टीव्हीचे बारके स्पीकर. या सगळ्यात हे पोचणार कसं?

पण तू भाषा शिकणारी आहेस, तेव्हा तुला मी वेगळ्या खिडकीपाशी नेते.

त्या कॅसेटमध्ये एक आवाज काहीतरी पुटपुटतो. ते वाक्य प्रमाण जपानीत नाही. 'शोमोन बाकारी शिते इरु तो, बोओकोन गा कुरु झो.' सारखं पाण्यात खेळत राहिलास तर भूत येईल, असा त्याचा अर्थ, आणि बोली इझु ओशिमा या बेटावरची. त्या बोलीमुळेच रेइकोला आणि र्‍युजीला बेटाचा पत्ता लागतो. इंग्रजी सबटायटलात तिथं एक यमक जुळवलेलं असतं आणि बोलीचा वास उडून जातो. आपल्याकडे मालवणीत दिलेली धमकी पुस्तकी मराठीत लिहिली तर जे होईल, ते. एन-थ्री झालेल्या मुलीनं ते वाक्य कान देऊन तीनदा ऐकावं. त्याच कॅसेटमध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या बातमीची अक्षरं पानावर किड्यांसारखी सरपटतात. मग एक डोळा दिसतो आणि त्यात एकच कान्जी, म्हणजे जपानीतलं चिनी वळणाचं अक्षर, उमटलेली असते : सादाको या नावातली 'सादा'. जपानी वाचता येणाऱ्याला तिथं नाव मिळतं. आपल्यासारख्यांना नुसता डोळा दिसतो. तुला कान्जी वाचता येते. तुला ते दिसलं का? बहुतेक नाही, कारण तू खालच्या इंग्रजी ओळी वाचत होतीस, आणि सगळ्यांना आवडतंय का म्हणून आजूबाजूलाही बघत होतीस.

त्या बेटावरचा मिहारा हा ज्वालामुखी खरा आहे. १९८६च्या नोव्हेंबरात तो फुटला तेव्हा बेटावरच्या सगळ्या, जवळपास दहा हजार, माणसांना होड्यांनी हलवावं लागलं होतं. सिनेमा आला तेव्हा त्याला फक्त अकरा वर्षं झाली होती. आणि सादाकोची आई पत्रकारांसमोर आपली अतींद्रिय शक्ती दाखवते तो प्रसंग आठव. १९१०च्या सुमाराला तोक्योच्या विद्यापीठातले तोमोकिची फुकुराई नावाचे मानसशास्त्रज्ञ मिफुने चिझुको या तरुणीवर असेच प्रयोग करत होते. बंद पाकिटातलं वाचून दाखवायचं, वगैरे. वर्तमानपत्रांनी आधी डोक्यावर घेतलं, मग संशय घेतला, आणि १९११च्या जानेवारीत २४ वर्षांच्या चिझुकोनं विष घेतलं. सिनेमातल्या आईमागे ही खरी मुलगी उभी आहे. हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या सभागृहातला गलका तुला नुसता गलका वाटला नसता.

हे सगळं आधी माहीत नव्हतं म्हणून तू कमी पडलीस, असं कृपा करून वाचू नकोस. तुझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यासाठी हे देते आहे. त्याकडे येतेच. त्याआधी मला माझी एक गोष्ट सांगायची आहे.

मीही 'रिंगु' पहिल्यांदा बघितला तो एका ओळखीच्यांच्या घरी, चारचौघांत. सादाकोची भीती मलाही वाटली नाही. माझ्या पोटात गोळा आला तो शेवटच्या मिनिटात, आणि तिथं भूत नव्हतंच. होती एक गाडी.

रेइकोला शेवटी कळतं की ती का वाचली. तिनं त्या कॅसेटची नक्कल करून ती दुसऱ्याला दाखवली होती. सांगाडा, अश्रू, माया, यातलं काही उपयोगी पडलेलं नव्हतं. आता तिच्या मुलाला वाचवायचं तर त्याच्या हातून आणखी एका माणसाला ती दाखवायला हवी. ती गाडीत बसते, व्हिडिओ प्लेअर घेते, आणि आपल्या वडिलांना फोन करते, की तुमच्याकडे एक काम आहे. रस्ता लांबवर जातो. आकाश भरून आलेलं आहे.

१९८४-८५ साल असेल. आमच्या घरी १५ पैशांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. कडेला कुंकवाचं बोट, वर संतोषी मातेचं नाव, आणि खाली दाटीवाटीनं लिहिलेलं, की अशी अकरा पत्रं लिहून अकरा जणांना धाडा. अमक्यानं धाडली त्याला लॉटरी लागली, तमक्यानं फाडून टाकलं त्याचा मुलगा गेला. तुझ्या आईला विचार, तिला आठवत असेल. त्या काळात हे घरोघरी येत असे. माझी आई देवभोळी नव्हती, पण त्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला ताप होता. तिनं अकरा कार्डं आणवली. रात्री भांडी झाल्यावर स्वयंपाकघरात पाटावर बसून तिनं ती एकेक करून लिहिली, शाळेत गिरवल्यासारखी, सारखी. मी शेजारी जागी होते. मजकूर लिहून झाला आणि मग ती पत्त्याच्या बाजूवर आली. तिनं मावशीचं नाव घेतलं आणि थांबली, कारण मावशीला दिवस गेले होते. मग काकू. मग समोरच्या जोशीणबाई, ज्यांच्याशी तिचं पटत नसे. बराच वेळ पेन हातात तसंच होतं. शेवटी म्हणाली, "मला नको म्हणून दुसऱ्याच्या दारात टाकू?" आणि अकराच्या अकरा कार्डं तिनं कोऱ्या पत्त्यांनिशी शेवयांच्या डब्यात तळाशी ठेवून दिली.

भावाचा ताप उतरला. पण ती कार्डं आईनं फाडलीही नाहीत. पुढे कित्येक वर्षं घरात कुणी आजारी पडलं, की तिची नजर एकदा त्या फळीकडे जायची.

जपानमध्ये या पत्राला 'फुको नो तेगामी' म्हणतात. अनिष्टाचं पत्र. १९७०च्या दशकात त्यांच्याकडेही त्याची लाट आली होती : इतक्या दिवसांत इतक्या जणांना पाठव, नाहीतर तुझ्यावर संकट येईल. 'रिंगु'ची कॅसेट त्या पत्राचीच लेक आहे. कोजी सुझुकी यांनी १९९१ साली या सिनेमाची मूळ कादंबरी लिहिली तेव्हा घराघरात व्हिडिओ होता आणि नक्कल करायला दोन मशिनं आणि एक वायर पुरत होती. कादंबरीतला पत्रकार पुरुष आहे. सिनेमात त्याच्या जागी एक आई आली, एकटीनं मुलगा वाढवणारी, आणि माझ्या मते सिनेमाचं सगळं बळ त्या एका बदलात आहे. सादाकोला बघून डोळे मिटून घेता येतात. पण रेइकोच्या जागी मी असते तर कुणाचं नाव घातलं असतं, हा प्रश्न डोळे मिटले तरी जात नाही. ती गाडी चालली होती तेव्हा मला शेवयांचा डबा दिसत होता.

तुला हे सांगितलं ते अशासाठी, की भीती सिनेमाकडून येते तेव्हा अर्धीच आलेली असते. उरलेली अर्धी बघणाऱ्याच्या घरातून यावी लागते. तुझ्या आजीच्या हडळीचं तरी काय? ओढा खरा होता, तुझ्या रोजच्या पायाखालचा. गोष्ट सांगणाऱ्या बाईचा हात तुझ्या पाठीवर होता. लाइट गेलेली असेल. सकाळी उठून त्याच ओढ्यावरून शाळेत जायचं होतं. त्याच्यासमोर कोथरूडच्या टीव्हीत दिसणारी इझुची विहीर टिकणार कशी? जी तुला लागली तीही भीतीच आहे. ती साताऱ्याची आहे म्हणून खालच्या प्रतीची ठरत नाही.

आता काय करायचं ते सांगते.

आधी ग्रुपवर दोन ओळी टाक, त्या दिवशीच्या लांबलचक मेसेजइतक्याच उघडपणे. मलाही कंटाळा आला होता, आणि मी तुम्हाला कळला नाही म्हणाले ते चुकलं. एवढंच. सफाई देऊ नकोस. बहुतेक उत्तर येईल ते "आम्हाला माहीत होतं" असं येईल, आणि विषय संपेल. आठ जणांपैकी कुणीतरी असाही असेल ज्याला सिनेमा खरंच आवडला होता आणि हशात तो गप्प बसला. तुझ्या खरेपणामुळे त्यालाही बोलता येईल.

वर्गातल्या बोलण्याची सुरुवात तुला भाषेनंच दिलेली आहे. 'ओमोत्ता होदो कोवाकु नाकात्ता देसु.' वाटलं होतं तितकं भीतिदायक नव्हतं. 'होदो... नाइ' ही रचना तू कधीच शिकून बसली आहेस. आता तिला खरं काम दे. त्यात उद्धटपणा नाही, खोटेपणाही नाही. आणि मग 'देमो' म्हण, म्हणजे पण, आणि पुढे तुझ्या मनाला जे लागलं असेल ते सांग. विहिरीपाशी उठलेले दोघं सांग. ओशिमाच्या बोलीतलं वाक्य सांग. काहीच लागलं नसेल तर का लागलं नाही ते सांग. शिकवणाऱ्या माणसाला दहा मिनिटांची पाठ केलेली स्तुती ऐकण्यापेक्षा हे ऐकायला जास्त आवडतं; मी स्वतः बरीच वर्षं शिकवलं आहे, म्हणून खात्रीनं सांगते. मात्र त्याआधी सिनेमा एकदा एकटीनं बघ. रात्रीच बघायला हवा असं नाही, पण खिडक्या लावून, हेडफोन घालून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. घाबरायचं ठरवून बसू नकोस. फक्त ऐक. जमलं तर सबटायटल बंद करून निदान ती कॅसेट बघ.

इतर वाचकांसाठीही सांगते, कारण 'जपानी भयपट बघितला, काहीच वाटलं नाही' हे मी बऱ्याच जणांकडून ऐकते. गाजलेल्यापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. आपल्या घराला जो जवळचा, त्यापासून करा. नाकाता यांचाच २००२ सालचा एक सिनेमा आहे, इंग्रजीत 'डार्क वॉटर' नावानं मिळतो. घटस्फोटाच्या कज्ज्यात अडकलेली आई, लहान मुलगी, स्वस्तातला फ्लॅट आणि छतावर दिवसेंदिवस पसरत जाणारा ओलीचा डाग. ज्यांनी पावसाळ्यात वरच्या मजल्याचं गळणारं पाणी आणि दाद न देणारी सोसायटी सोसली आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. ज्यांना डोळ्यांचं सुख हवं त्यांनी मासाकी कोबायाशी यांचा 'क्वाइदान' घ्यावा. १९६५ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. तो तीन तासांचा आहे. चार कथा आहेत, एका बैठकीत एकच बघा. होइचीची बघा : बिवा हे तंतुवाद्य वाजवून युद्धाचे पोवाडे गाणारा आंधळा गायक, आणि ११८५च्या दान-नो-उराच्या लढाईत समुद्रात बुडालेल्या हेइके घराण्याचे मृत सरदार, जे रात्री येऊन त्याला स्वतःच्याच पराभवाचं गाणं म्हणायला लावतात. तीत दचकण्यासारखं फार थोडं आहे. पण कान संपूर्ण वेळ जागे राहतात. का, ते बघितल्यावर कळेल.

आणि माणसं तीन-चारच असू द्या. त्यांना 'घाबराल' असं आधी सांगू नका. जेवण आधी उरकून घ्या.

शेवटी तुझ्या गटाच्या पुढच्या शनिवारासाठी. होइचीची कथा ज्याच्या 'क्वाइदान' या पुस्तकातून आली तो लाफ्काडिओ हर्न १८९० साली जपानला गेला. चाळिशीच्या आसपासचा, बाहेरून आलेला. जपानी पुस्तकं त्याला नीट वाचता येत नसत. गोष्टी त्याला बायकोनं सांगितल्या, सेत्सुनं. तिनं आठवणींत लिहून ठेवलं आहे, की शांत रात्री दिव्याची वात बारीक करून ती भुताची गोष्ट सुरू करायची. ती पुस्तकात बघून सांगायला लागली की तो तिला अडवायचा. पुस्तक मिट, तुझ्या शब्दांत सांग म्हणायचा. त्यांची घरातली जपानी मोडकीतोडकी होती, दोघांपुरती. तिच्यातून १९०४ साली ते पुस्तक तयार झालं.

पुढच्या वेळी सिनेमा लावूच नका. दिवे घालवा, एक समई किंवा मेणबत्ती ठेवा, आणि प्रत्येकानं आपल्या आजीकडची एक गोष्ट जपानीत सांगायची. चुका होतील तशा होऊ देत, कुणी दुरुस्त करायचं नाही. जमलं तर सरांनाही बोलाव. तू ओढ्याची गोष्ट सांग. आजी सांगायची तशी, तिथंच थांबत, तिथंच आवाज खाली आणत. शब्द अडला तर हातानं दाखव. फक्त 'हडळ'ला जपानी शब्द शोधत बसू नकोस. हडळच म्हण. अंधारात कुणीतरी विचारेल, 'हडळ तो वा नान देसु का?' हडळ म्हणजे काय? लगेच उत्तर देऊ नकोस.

तुझी,
ताई